खंडेनवमीची क्लच प्लेट

॥ श्री तुळजाभवानी प्रसन्न ॥

मी, रघुपतीराव नरसिंहराव लाड, वय सदुसष्ट, धंदा ट्रॅक्टर व इंजिन दुरुस्ती, राहणार चामराजपेट, बंगळूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझी छाती बिघडली आहे, डोके शाबूत आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आमच्या घरात तेवढा धीर फक्त माझी पत्नी पद्मावती हिला आहे, आणि तिने तर हा कागद लिहूच नका असे सांगितले होते.

कलम १. राहते घर व पोस्टातली शिल्लक पद्मावतीची. तिच्या पश्चात सर्व मुलगा त्रिविक्रम याचे. पैसे कशाला लागतात हे त्याने आईला कधी विचारू नये. मी विचारत आलो, ते बरे केले नाही.

कलम २. आमचे पूर्वज फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. त्यांची एक तलवार माळ्यावर आहे, ती त्रिविक्रमची. तो कचेरीत बसतो, त्याला तिचा उपयोग नाही हे मला कळते. तरी दर खंडेनवमीला तिला तिळाचे तेल चोळावे व तेलात कालवलेले कुंकू लावावे. तेल तलवारीला. इतर कशाला लावण्याआधी कलम ४ वाचावे.

कलम ३. पाने, हातोडे, ठोकळे वगैरे सामान त्रिविक्रमने गरजू मिस्त्रीला द्यावे. मोठा जॅक शेजारच्या विश्वेश्वरने नेला आहे आणि आता तो आपलाच म्हणतो. राहू दे त्याच्याकडे, पण मागून नेला होता एवढे त्याने तोंडाने कबूल करावे. हे लिहिताना माझीच मान खाली जाते. दुसऱ्याकडून कबुली मागणारा मी कोण?

कलम ४. मारतहळ्ळीच्या रत्नाबाई यांचा जुना विलायती ट्रॅक्टर गेल्या दसऱ्याआधी माझ्या आवारात आला. क्लच प्लेट रिव्हेटांपर्यंत झिजली होती. क्लच बदलायचा तर ट्रॅक्टर मधोमध सोडवून त्याचे दोन भाग करावे लागतात. ते मी केले. नवी प्लेट देवाप्पाच्या दुकानातून आणली. देवाप्पाचे सुट्या भागांचे दुकान मार्केटजवळ आहे. तो बेळगावकडचा, आणि मी पहिले इंजिन खोलले तेव्हापासूनचा माझा मित्र.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. तलवारीशेजारी पाट मांडून मी सगळी हत्यारे ठेवली, नवी प्लेटही ठेवली. पिढ्यानपिढ्यांची सवय अशी की पाटावर आले त्याला तेल. मी तलवारीला चोळले, पान्यांना चोळले आणि त्याच हाताने प्लेटलाही चोळून वर कुंकवाची बोटे ओढली. पद्मावती म्हणाली, "अहो, हिला तेल चालतं का?"

क्लच प्लेट कोरडीच लागते. तिच्यावरच्या अस्तरात तेल मुरले की ती घसरते आणि इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोचत नाही. हे मीच दहा जणांना शिकवले आहे. पण बायकोसमोर चुकलो म्हणवेना. "पुसली की झालं," असे म्हणून मी प्लेट फडक्याने पुसली आणि बसवली.

रत्नाबाईंच्या शेतात हुलगे पेरायचे होते. नांगर जमिनीत गेला, इंजिन ओरडू लागले, ट्रॅक्टर जागचा हलेना. जळका वास सुटला. बाई बांधावर उभ्या होत्या. त्यांनी विचारले, "काय झालं, अण्णा?" मी म्हणालो, "देवाप्पानं नकली माल दिला."

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चालले असते. प्लेट काढून मी त्याच्या दुकानात गेलो आणि भर गर्दीत त्याला चोर म्हणालो. देवाप्पाने प्लेट उलटीसुलटी केली. रिव्हेटांच्या भोकांत कुंकू अडकले होते. त्याने तिथे बोट लावले, वास घेतला आणि माझ्याकडे पाहिले. मग म्हणाला, "सरी अण्णा, ठीक आहे. स्वल्प, थोडं थांबा, दुसरी काढतो."

दुसरी प्लेट चालली. त्यामुळे पहिली नकलीच होती असे सगळ्यांना वाटले. रत्नाबाईंनी के. आर. पुरमच्या बाजारात सांगितले, आणि तिकडचे शेतकरी देवाप्पाकडे जायचे बंद झाले. त्याने एका शब्दाने मला उघडे पाडले नाही. चुकीची लाज कशीबशी गिळता येते. त्याच्या गप्प बसण्याची लाज मला जेवू देत नाही. त्याच्या दुकानावरून जावे लागू नये म्हणून मी लांबच्या रस्त्याने फिरतो.

कलम ५. माझ्या मृत्यूनंतर तेराव्याच्या आत त्रिविक्रमने देवाप्पाच्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर कलम ४ मोठ्याने वाचावे. नंतर रत्नाबाईंच्या घरी जाऊन पुन्हा वाचावे. माझी रिव्हेट ठोकायची दाबपट्टी देवाप्पाला द्यावी.

मसुदा पद्मावतीला वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही नसताना तो भांडणार कुणाशी? तेवढाही हक्क त्याला ठेवणार नाही का?"

कलम ५ मधील पहिली दोन वाक्ये मी रद्द केली आहेत. बाजूला माझी सही आहे.

कलम ६. हे कलम देवाप्पाच्या बाकावर बसून लिहीत आहे. कलम ४ आणि कलम ५ चे उरलेले वाक्य मी स्वतः उभा राहून वाचले. दुकानात गर्दी होती. रत्नाबाईंना त्रिविक्रम घेऊन आला होता. माझा आवाज मध्ये दोनदा गेला, तेव्हा कोणीतरी पाणी दिले. तो देवाप्पा होता हे मला पेला परत करताना कळले.

मी त्याला पहिला साक्षीदार म्हणून सही करायला सांगितले. त्याने विचारले, "साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळतं का?" मी म्हणालो, "नाही, कायदा तसा आहे."

"मग सही दुसऱ्या कुणाची तरी घ्या, अण्णा. मला ती दाबपट्टी पाहिजे," तो म्हणाला. "आणि प्लेटीला तेल लागलं हे मला येऊन सांगायचं सोडून चोर म्हणालात, याबद्दल मी उद्या भांडायला येणार आहे. घरी राहा."

मी घरी राहीन.

लिहून देणार: रघुपतीराव नरसिंहराव लाड (सही)

आम्हा दोघांसमोर वाचून सही केली:
१. रत्नाबाई, मारतहळ्ळी (डाव्या अंगठ्याचा ठसा)
२. विश्वासराव, दुकानातले गिऱ्हाईक, के. आर. पुरम (सही)

ठिकाण: <s>राहते घर, चामराजपेट</s> देवाप्पाचे दुकान, मार्केटजवळ, बंगळूर
तारीख: ८ मार्च १९६४