सिहोऱ्याच्या फोटोचा हक्क

मी, पुंडलिकराव जागेश्वर सेलोकर, वय चौसष्ट, धंदा फोटोग्राफी, राहणार आंधळगाव, जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र माझ्याच अक्षरात, कोणाच्या धाकात न येता लिहून ठेवतो. डॉक्टरने छाती तपासून मान हलवली, पण डोकं शाबूत आहे. खात्री नसेल तर शकुबाईला विचारा, रोज सकाळी तिच्याशी भांडतो.

कलम १. राहतं घर पत्नी शकुबाईचं. शेती मुलगा ताराचंद याच्या नावे आधीच करून दिली आहे. या कागदात त्याला काही नाही.

कलम २. फोटोचं दुकान, मोठा लाकडी कॅमेरा, दोन्ही भिंगं, तिपाई आणि फोटो धुवायची काळी खोली मुलगी रुखमा हिला. ताराचंद म्हणतो, "पोरीच्या हाती दुकान देऊन का करता? इकून टाका." विकायचंच असतं तर मी भजी तळली असती! कारण खाली देतो.

कलम ३. मोठ्या कॅमेऱ्याची एकेक फिल्म महाग. म्हणून आधी झटपट फोटोच्या कागदावर नमुना काढायचा, मिनिटभराने वरचा पापुद्रा सोलून उजेड बरोबर आहे का ते पाहायचं, मग फिल्मवर खरा फोटो. खाणीवरचा एक परदेशी इंजिनियर जाताना ते कागद मला देऊन गेला होता.

१९७९ च्या वैशाखात सिहोऱ्याला लग्नाचा गट फोटोसाठी बसवला, चाळीस माणसं. नमुना निघाला आणि सारी वऱ्हाडी मंडळी उठली, "निघाला ना फोटो, चला जेवाले!" मी बोंबललो. कसेबसे परत बसवले, तर चेहरे एरंडेल प्यायल्यासारखे. मी फिल्म चढवून तयार. तेवढ्यात माझ्या मदतीला आलेल्या रुखमाने तो नमुना नवरीच्या आजीच्या हातात दिला. म्हातारी किंचाळली, "अवं माय, मी इतकी गोरी?" सारे तिच्याकडे वळून हसले. रुखमा ओरडली, "बाबा, आता दाबा!" मी दाबलं.

त्याच फोटोला नागपूरच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं. हार मी घालून घेतला. वर रुखमालाच झापलं, की नमुना उजेड पाहायला असतो, म्हाताऱ्यांना खेळवायला नाही. त्यानंतर प्रत्येक गट मी तिच्याच रीतीने काढला आणि एकदाही तिचं नाव घेतलं नाही. लाज वाटते. तो फोटो रुखमाचा आहे. दुकानाच्या पाटीवर तिचंच नाव लागावं.

कलम ४. बहीण बेबीबाई म्हणाली होती, "फोटो काढणारी बाई कुठं असते का?" तिला त्याच फोटोची मोठी प्रत, काचेच्या चौकटीसह. रोज पुसावी.

कलम ५. उरलेले नऊ नमुन्याचे कागद जपून ठेवू नयेत, उन्हाळ्यात वाळतात. रुखमाने वापरून टाकावे. संपले तर तिला दुसरं काही सुचेल, माझा भरवसा आहे.

सही करण्याआधी हेही लिहितो. साक्षीला शेजारी गोपीचंद आणि मनिराम यांना बोलावलं होतं. मनिराम यायच्या आत ताराचंद आला आणि उभ्यानेच सारं वाचलं. आता तमाशा होणार असं मला वाटलं. तो एवढंच म्हणाला, "बाबा, इतके वर्स काहून नाही सांगतलं?" मग त्याने पेन मागितला.

आंधळगाव, दि. ९ नोव्हेंबर १९८३

लिहून ठेवणार : पुंडलिकराव जागेश्वर सेलोकर (सही)

साक्षीदार १ : गोपीचंद मोतीराम मेश्राम, शेजारी (सही)

साक्षीदार २ : ताराचंद पुंडलिकराव सेलोकर, रुखमाचा भाऊ (सही)