पाराच्या तीन पायऱ्या

राजारामपुरी, कोल्हापूर
९ ऑगस्ट २००६

प्रिय शिवानी,

फोनच करणार होतो. पण फोनवर मी भाषण करतो आणि तू नुसती 'हं, हं' करत राहतेस, असं तुझी आई म्हणते. खोटं नाही ते. म्हणून लिहायला बसलो. शिरोळला तुझ्या काकांच्या उसात आठवडाभर पाणी उभं होतं, आता ओसरतंय. आई बरी आहे. हुबळीच्या त्या दवाखान्यात तू केलेल्या बागेचे फोटो ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते. मीही पाहिले, ती स्वयंपाकघरात असताना. वाटेच्या कडेचा लाकडी कठडा मी ओळखला.

तो कठडा तू पहिल्यांदा आपल्या वृद्धाश्रमाच्या बागेच्या नकाशात काढला होतास, नव्व्याण्णवच्या जानेवारीत. नकाशा काढण्याआधी आठ दिवस तू आश्रमात नुसती बसून होतीस. मला वाटलं, पोरगी वेळ काढतेय. तू तिथल्या म्हाताऱ्या तानूबाईच्या मागून चालत होतीस, ती किती पावलांवर दमते ते मोजत. बावीस. म्हणून तू दर वीस पावलांवर बाक मांडलास, तोही हातांचा, म्हणजे रेटा देऊन उठता येईल. वाफे कमरेइतके उंच, वाकावं लागू नये म्हणून. वाट कुठूनही निघाली तरी फिरून दाराशीच येणारी, म्हणजे ज्याला आपली खोली आठवत नाही तोही हरवणार नाही. कण्हेर तू लावू दिली नाहीस. मी म्हणालो, आमच्या दारात जन्मभर कण्हेर होती, कोण मेलं? तू शांतपणे म्हणालीस, "आबा, ज्यांना भान राहत नाही ते पान तोंडात घालतात." आणि पायरी एकही नाही. सगळी जमीन सपाट, टाकी मारलेल्या खरबरीत दगडाची.

मला नकाशावरची ती बाग पाहून राग आला होता, हे आज कबूल करतो. मी आयुष्यभर माणसाला ताठ उभं राहायला सांगत आलो. विश्वस्तांच्या बैठकीत मी उठलो आणि म्हणालो, ज्यांनी जन्मभर कुणापुढे मान वाकवली नाही, त्यांना तुम्ही कठड्याला धरून चालायला लावणार? ही बाग आहे की पांगुळगाडा? मला मधोमध पार हवा होता, गावात असतो तसा, ज्यावर बसून माणसं बोलतील, भांडतील, सभा घेतील. त्याला तीन पायऱ्या. तीनच का, तर कोरायचे शब्द तीन होते: स्वातंत्र्य, समता, बंधुता. अक्षरं उठून दिसावीत म्हणून गुळगुळीत काळा दगड. तू दोनदा म्हणालीस, ओला झाला की हा दगड घसरतो. मी तिसऱ्यांदा बोलायला उभा राहिलो. टाळ्या पडल्या. तू नकाशाची गुंडाळी केलीस आणि दुसऱ्या दिवशी मला हवा तसा काढून आणलास. वाट, बाक, वाफे राहिले. कठडा गेला, पार आला.

जन्मभर गुऱ्हाळावर राबलेली तानूबाई मला 'पुढारी' म्हणायची, ते तुला ठाऊक आहे. उद्घाटनाच्या दिवशी पाराकडे बघत ती म्हणाली, "ए पुढारी, पायऱ्या कुणासाठी केल्यास रं? तुज्यासाठीच की! आमी काय, खालीच बसतो." सगळे हसले, मीही हसलो. शिवानी, तिचं खरं होतं. समता कोरलेल्या पायरीवर आश्रमातल्या निम्म्या माणसांना चढता येत नव्हतं, आणि मी त्यांच्यापुढे वर उभा राहून समतेवर बोलत होतो. एवढी पुस्तकं वाचून हे मला दिसलं नाही. वाफ्यातली मेथी खुडणाऱ्या तिला दिसलं.

दोन हजारच्या जुलैत ती पडली. खुबा मोडला, पुन्हा चालली नाही. चौकशी झाली, पायऱ्या चुकीच्या म्हणून ठरलं, आणि नकाशावर सही तुझी होती. त्या बैठकीत सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, माझी मुलगी असली तरी मी तिला पाठीशी घालणार नाही, वशिल्याविरुद्ध मी जन्मभर लढलो. केवढ्या टाळ्या पडल्या! निःस्पृह माणूस म्हणून लोकांनी हात हातात घेतले. तू मागच्या खुर्चीवर बसली होतीस. तू बोललीस तर बाप उघडा पडेल, म्हणून गप्प राहिलीस, हे मला तेव्हाच कळलं होतं. कळूनही मी घरी येऊन जेवलो. आई महिनाभर माझ्याशी बोलली नाही. कोल्हापुरात तुला कुणी काम देईना. डिसेंबरात तू हुबळीला गेलीस.

आणखी एक आहे, ते तुलाही माहीत नाही. तानूबाई आपण होऊन पारावर चढली नव्हती. पाऊस नुकताच थांबला होता, मी बोलायला उभा होतो, आणि ती नेहमीसारखी खाली बसली. मी सगळ्यांसमोर म्हणालो, तानूबाई, खाली बसायचे दिवस गेले, वर या. ती नको नको म्हणत होती. मी हात पुढे केला. दुसऱ्या पायरीवर तिचा पाय सरकला आणि माझ्या हातून तिचा हात सुटला. चौकशीत तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "माजाच पाय चुकला." मी कॉटशेजारी उभा होतो. सहा वर्षं ती त्या कॉटवर होती. मी दर आठवड्याला जायचो, वर्तमानपत्र वाचून दाखवायचो. तिनं तो विषय कधी काढला नाही. मीही नाही.

परवा सोमवारी तानूबाई गेली. वीस तारखेला, रविवारी सकाळी दहाला, आश्रमात शोकसभा आहे आणि मुख्य भाषण माझं आहे. मी ठरवलंय की तिथं एवढंच सांगायचं: पायऱ्या माझ्या हट्टाच्या होत्या, तिला वर मी बोलावलं, आणि दोष मुलीच्या माथी मीच जाऊ दिला. पण मी मला ओळखतो. माणसं समोर दिसली की माझी जीभ सोयीचं वळण शोधते, आणि कबुलीचंही भाषण करून टाकते. म्हणून हे सगळं आधी लिहून, पूर्ण नावानं सही करून तुझ्या हाती देतोय. रविवारी आई तुला फोन करेल आणि मी काय बोललो ते शब्दाला शब्द सांगेल, तसं मी तिला सांगून ठेवलंय. त्यात ही तीन वाक्यं नसली, तर माझ्याकडे बघून थांबू नकोस. हे पत्र विश्वस्तांना पाठव.

तुझाच आबा,
कृष्णात गणपतराव शिरोळकर