इन्सेनची चौथी नळी

मी, सॉ था ड्वे, वडिलांचे नाव सॉ पा क्लो, वय सदुसष्ट, राहणार मे थू ता, साल्वीन नदीचा काठ. पूर्वी रंगूनजवळ इन्सेन येथे रेल्वेच्या कारखान्यात लेथचा कारागीर, नंतर बर्मी सरकारशी लढणाऱ्या करेन फौजेत हत्यारदुरुस्तीचा मिस्त्री. छातीत पाणी झाले आहे, पाय सुजले आहेत, पण डोके ठिकाणावर आहे. काल पाद्रीबुवांनी वार, तारीख आणि नातवंडांची नावे विचारून तेवढी खात्री करून घेतली. हा कागद मी कोणाच्याही सांगण्यावरून लिहीत नाही. हात कापतो म्हणून अक्षर वाईट आहे. मजकूर मात्र स्थिर मनाने लिहिला आहे.

एक. राहते घर, सागवानी फळ्यांचे, खांबांवरचे, आणि मागची सुपारीची बाग मी नॉ सेर मू हिला देतो. ती माझी दिवंगत पत्नी नॉ डा पॉ हिची पहिल्या नवऱ्यापासूनची मुलगी. आठ महिन्यांची असल्यापासून मी तिला वाढवले. घराच्या नैर्ऋत्येच्या खांबाला वाळवी लागली आहे. पावसाळ्याआधी तो बदलावा. बागेतली शेवटची ओळ शेजारी आपली सांगतो, ती त्याची नाही. माझ्या हयातीत मी भांडलो नाही, कारण त्याचे दोन मुलगे पापुनच्या लढाईत गेले. सेर मूनेही भांडू नये. सुपाऱ्या मात्र पाडून घ्याव्यात.

दोन. लेथ, कानशी, शिकंजा आणि ड्रिल दवाखान्यातल्या सॉ मो सेय यांना द्यावे. सुरुंगाने पाय गेलेल्यांसाठी ते पाय बनवतात. सात वर्षांपूर्वी वरून मला सुरुंग बनवायचा हुकूम आला तेव्हा मी नाही म्हणालो. लोक त्याला माझा चांगुलपणा समजतात. तसे काही नव्हते. मला माझ्या हातच्या कामाची भीती वाटत होती. ती का, ते पुढे लिहिले आहे.

तीन. भिंतीवरची थ्री-नॉट-थ्री रायफल कोणालाही देऊ नये. तिचा बोल्ट मी नदीत टाकला आहे. हिने मी इन्सेनला, मग तौंगूला आणि शेवटी पापुनला गोळ्या झाडल्या. किती लागल्या ते ठाऊक नाही. तिचा दस्ता सुक्या लाकडाचा आहे, चुलीला चालेल.

चार. लाल कापडात गुंडाळलेले मापाचे कॅलिपर माझे नाही. ते को थेन झान यांचे. कारखान्यात त्यांचा लेथ माझ्या लेथशेजारी होता. लढाई पेटली त्याच्या आदल्या दिवशी मी ते मागून घेतले होते. ते बर्मी, मी करेन; दुसऱ्या दिवसापासून ते सरकारसाठी तोफगोळे बनवू लागले आणि मी आमच्या लोकांसाठी. आमच्या अंगणात पडलेल्या एका न फुटलेल्या गोळ्याचे आटे इतके सुरेख होते की माझ्या तोंडून निघून गेले, "हा थेन झानचाच हात." कोणी रंगूनला जाणारा भेटला तर ते त्यांच्या घरी पोचवावे आणि उशीर झाल्याबद्दल माझ्या वतीने क्षमा मागावी.

पाच. हे कलम सर्वांत लांब आहे. रविवारी प्रार्थनेनंतर, सगळे गाव बसलेले असताना, हे मोठ्याने वाचावे अशी माझी आज्ञा आहे.

सन एकोणीसशे एकोणपन्नास. इन्सेनमध्ये आमची माणसे जवळजवळ चार महिने वेढ्यात होती. ब्रेन मशीनगनच्या गोळ्या मोजून मिळत. उखळी तोफा मोजक्या होत्या, म्हणून कप्तान सॉ ओह पो यांनी मला तोफेच्या नळ्या बनवायला सांगितले. इंजिनाच्या बॉयलरच्या बिनजोडाच्या नळ्या कापून मी तीन तोफा केल्या. त्या चांगल्या होत्या. चौथीसाठी तशी नळी उरली नव्हती.

मी पाण्याची नळी घेतली. तिला लांबीभर जोड होता. मी तो कानशीने घासला, बाहेरून दोन लोखंडी कडी तापवून चढवली, आणि वरून काळा रंग दिला. कडी मजबुतीसाठी होती. रंग जोड दिसू नये म्हणून होता. वीस वर्षांच्या कारागिराला जोडाची नळी काय करते ते माहीत नसते असे कोणी म्हणेल. मी पंचवीस वर्षांचा होतो आणि मला माहीत होते. पंधरा गोळे तरी सोसेल, असा अंदाज मी केला. चाचणीला एकच गोळा उडवला.

त्या तोफेवर गोळे भरायला सॉ ब्ला टू होता. ह्लाईंग नदीवरचा कोळी, माझा शेजारी, तोंडाने फटकळ. नळी खांद्यावर घेताना तो म्हणाला, "काय रे मिस्त्री, ही तोफ आहे का माझ्या सासूची चिलीम?"

मी म्हटले, "सासूला विचार, ती ओढून बघेल."

"बघेलच ती. आणि धूर माझ्या तोंडावर सोडेल," असे म्हणून तो हसत गेला. नळी पुसायला कारखान्यातले स्पिरिट मीच एका दारूच्या रिकाम्या बाटलीत भरून त्याच्या पिशवीत ठेवले. जोडाबद्दल मी त्याला काहीही सांगितले नाही.

दुपारी सातव्या गोळ्याला नळी जोडावर फाटली. ब्ला टू जागीच गेला. दुसऱ्या एकाचे डोळे गेले.

कप्तान धावत माझ्याकडे आले. त्यांच्या गुडघ्यांना चिखल होता. त्यांनी विचारले, "था ड्वे, खरं सांग. नळी ठीक होती ना?"

मी म्हणालो, "ठीक होती साहेब."

"मग फुटली कशी?"

एका शिपायाने खड्ड्यातून ती बाटली आणून दाखवली. कप्तानांनी ती हातात फिरवली आणि म्हणाले, "प्यायला होता तर. आत एक गोळा असताना वरून दुसरा टाकला." बाटलीत काय होते ते मला माहीत होते. मी ते सांगितले नाही. कप्तान ओह पो शूर आणि सरळ मनुष्य होते. ते आता नाहीत. त्यांना या प्रकरणात कोणी दोष देऊ नये. त्यांनी विचारले होते.

त्या वेळी मी स्वतःची समजूत घातली, की खरे सांगितले तर उरलेल्या तीन तोफांना कोणी हात लावणार नाही आणि आघाडी कोसळेल. मे महिन्यात आम्ही नदी ओलांडून मागे हटलो. तिन्ही तोफा तिथेच टाकल्या. म्हणजे माझे कारण सुद्धा पलीकडच्या काठावर राहिले. तरीही मी बोललो नाही.

ब्ला टूची विधवा डा पॉ तान्ह्या मुलीला पाठीशी बांधून आमच्या तुकडीबरोबर तौंगूपर्यंत चालत आली. बायका तिला आपल्या चुलीवर भात शिजवू देत नसत. "दारुड्याची बायको, आपलीच माणसं मारणाऱ्याची," असे तिच्या तोंडावर म्हणत. मी तिचे ओझे उचलू लागलो. दोन वर्षांनी लग्न केले. लोकांनी मला देवमाणूस म्हटले आणि मी म्हणू दिले.

ती एकतीस वर्षे माझ्याबरोबर राहिली. दरवर्षी त्याच्या मृत्यूच्या दिवशी ती बांबूच्या कोंबांची आमटी करी आणि एकच वाक्य बोले, "त्याला दारूच्या वासानं ओकारी यायची हो. तो कसा पिईल?"

मी म्हणे, "कप्तानांनी काहीतरी पाहिलं असेल."

एकतीस वेळा मी हे म्हणालो. ती गेली त्या वर्षी तापात तिने मला विचारले, "तुम्ही तर तिथं होतात. तुम्हाला काय वाटतं?" मी म्हणालो, "झोप आता." हे माझे तिच्याशी शेवटचे बोलणे.

तरी मी जाहीर करतो की सॉ ब्ला टू प्यायलेला नव्हता. त्याने दोन गोळे भरले नाहीत. नळी वाईट होती, ती मी बनवली होती, आणि ती वाईट आहे हे मला ठाऊक होते. चर्चच्या भिंतीवरच्या फळीवर इन्सेनच्या मृतांची नावे आहेत, तीत त्याचे नाव नाही. ते घालावे. अक्षरे कोरण्याचे काम माझ्या हत्यारांनी करू नये.

सहा. डा पॉच्या कबरीशेजारची जागा मी स्वतःसाठी राखली होती. तो हक्क मी सोडतो. मला कुठे पुरायचे ते सेर मू ठरवील.

ठिकाण मे थू ता. तारीख ९ फेब्रुवारी १९९१.
सही: सॉ था ड्वे
साक्षीदार: सॉ लर गे, पाद्री
साक्षीदार: नॉ क्री पॉ, शाळाशिक्षिका

पुरवणी.

वरील कागदावर सही करण्याआधी पाद्रीबुवांनी तो दोनदा वाचला. चष्मा काढून ते म्हणाले, "साक्ष मी देतो. पण तुम्ही मेल्यावर हे सेर मूनं सगळ्या गावासमोर ऐकायचं? तुमच्या तोंडून नाही? म्हणजे याही वेळी तुम्ही हजर नसणार."

म्हणून मंगळवारी सकाळी मी सेर मूला बोलावले आणि पाचवे कलम वाचून न दाखवता तोंडाने सांगितले. ती सुपारी कातरत होती. अडकित्ता थांबला.

तिने विचारले, "आईला माहीत होतं?"

"नाही."

"एकदाही सांगावंसं वाटलं नाही?"

"रोज वाटायचं."

"रोज वाटायचं," ती माझे शब्द तसेच म्हणाली. "शाळेत पोरं मला बाटली म्हणायची. तुम्ही त्यांच्या घरी जाऊन भांडला होतात. आठवतं? मला केवढा अभिमान वाटला होता तुमचा."

मला आठवत होते. ती शिडी उतरून गेली. चार दिवस तिची मुलगी माझे जेवण आणून ठेवी आणि न बोलता परत जाई. आज सकाळी सेर मू स्वतः आली. बसली नाही. या वेळी तिने मला बाबा म्हटले नाही.

ती म्हणाली, "तुमच्या मरणाची वाट नको बघायला. या रविवारी वाचायचं. मी वाचणार. तुम्ही पहिल्या बाकावर बसायचं. चालवत नसेल तर खाटेवरून नेऊ."

मी म्हणालो, "येईन."

"घर घेईन. ते आईनं राबून उभं केलंय. आणि तुमच्या मातीला येईन, माणूस उघडा टाकायची रीत नाही आपली. पण रडणार नाही."

मी म्हटले, "बरं."

यास्तव पाचव्या कलमात 'माझ्या मृत्यूनंतर' असा कोणी अर्थ लावू नये. वाचन उद्या, रविवारी, मी जिवंत व हजर असताना होईल. बाकी सर्व कलमे कायम.

ठिकाण तेच. तारीख १६ फेब्रुवारी १९९१, शनिवार.
सही: सॉ था ड्वे
साक्षीदार: वरीलप्रमाणे दोघे, माझ्यासमोर.