वरच्या उतारावरचे कांडोळ

लिहून ठेवणार मी, डिंक काढून पोट भरलेली म्हातारी. सगळे मला डिंकवाली म्हणतात. डोके ठिकाणावर आहे. हात थरथरतो, म्हणून मजकूर निवृत्त कारकुनाकडून लिहून घेत आहे. मला कोणी दटावलेले नाही, गोड बोलून घोळात घेतलेले नाही. थकले आहे, पण थकवा म्हणजे भ्रम नव्हे. माझ्यामागे माझ्या मिळकतीची व्यवस्था खालीलप्रमाणे व्हावी.

कलम पहिले. घरामागच्या टेकडीचे दोन्ही उतार यजमानांच्या पश्चात माझ्या नावावर आले. तिथली कांडोळाची झाडे त्यांनी बियांपासून वाढवली. या झाडाचे बोंड चांदणीसारखे, लालभडक, आणि अंगभर बारीक, टोचरी कूस. ती बोटांत शिरली की रात्रभर झोप नाही. रोप वर काडीएवढे दिसते, पण खाली मुळ्यासारखे कंद धरते. साळिंदर तेवढेच उकरून खाते. यजमानांनी रोपांभोवती काटे रचले, पुन्हा पुन्हा रचले. डिंक येण्याआधीच ते गेले. पहिली खाच मी मारली.

कलम दुसरे, आणि हे लिहिताना जड जाते. एका उन्हाळ्यात मी उतारावरून घसरले, मांडीचे हाड मोडले. काम मुलाकडे गेले. तो म्हणाला, "आई, तुझ्या त्या नखाएवढ्या खाचेतून थेंब थेंब कधी जमायचा? एकदाच काय ते काढून घेऊ."

सून म्हणाली, "अहो, साल गोल सोलू नका. झाड मरेल."

"तू मला शिकवू नकोस."

खालच्या उतारावरच्या प्रत्येक बुंध्याची साल त्याने कुऱ्हाडीने चहूबाजूंनी उतरवली. डिंक पाटीपाटीने आला, पांढराशुभ्र. मग तो वर निघाला, तेव्हा सून पायवाटेत उभी राहिली. हे मी अंथरुणावरून, खिडकीतून पाहिले. ती काय बोलली ते ऐकू आले नाही. तो तिच्या अंगावर ओरडला, कुऱ्हाड उगारली, आणि शेवटी मागे फिरला. आठवडाभरात घर सोडून गेला, तिलाही सोडून.

कांडोळ उन्हाळ्यात निष्पर्णच असतो. जिवंत झाड आणि मेलेले झाड तेव्हा सारखेच दिसते. पावसाळ्यात वरच्या उताराला पालवी आली, खालचा तसाच उभा राहिला, तेव्हा आम्हाला कळले.

मी सुनेला म्हटले, "माहेरी जा, बाई. इथे काय उरलंय?"

"वरचा उतार उरलाय," ती म्हणाली, आणि माझे अंथरूण बदलू लागली.

कलम तिसरे. म्हणून वरचा उतार, त्यावरील सर्व झाडे व त्यांचे उत्पन्न यांसह, सुनेला देते. तिने दुसरे लग्न केले तरी तो तिचाच. खरे तर तिने ते करावे असे मी दोनदा सुचवले. दोन्ही वेळा तिने भांडी जोरात आपटली.

कलम चौथे. राहते घरही तिचे. मागच्या खोलीत मुलाला हयातभर राहता येईल. चहा त्याने स्वतः करून घ्यावा.

कलम पाचवे. खाचा पाडण्याचे वाकस सुनेला. मोठी कुऱ्हाड मुलगा जाताना घेऊन गेला, तेव्हा तिची वाटणी आपोआपच झालेली आहे.

कलम सहावे. खाच उथळ असावी. एका वर्षी एका अंगाला, पुढच्या वर्षी दुसऱ्या. जुनी जखम भरून आली नसेल तर त्या झाडाला हात लावू नये, घरात कितीही नड असो.

कलम सातवे. खालचा उतार, मेलेल्या खुंटांसह, मुलाला देते. ही शिक्षा आहे असे त्याला वाटेल. थोडीशी आहेच.

पुरवणी. मुलगा गेल्या आठवड्यात परत आला आहे. वरील मजकूर मी दोघांना समोर बसवून वाचून दाखवला.

तो म्हणाला, "मेलेले खुंट घेऊन मी काय करू?"

तो परत आल्यापासून सून त्याच्याशी बोलली नव्हती. म्हणाली, "खणून काढा. पावसाआधी खड्डे व्हायला हवेत. बी मी देईन."

"आणि डिंक कधी येणार?"

"तुमचे केस पिकल्यावर."

त्याने दाराआड पाहिले. मग विचारले, "कुदळ कुठे आहे?"

"शेजारी नेलीय. मागून आणा."

तो उठून गेला. एवढ्यावरून वरील कलमांत कोणी बदल सुचवू नये. कुदळ मागणे वेगळे आणि खणणे वेगळे. मी मात्र आज उताराकडची खिडकी उघडी ठेवायला सांगितली आहे.

लिहून ठेवणार: डिंकवाली (डाव्या अंगठ्याचा ठसा)

आमच्यादेखत ठसा उमटवला:
१. समोरचा शिंपी (सही)
२. सुईण (सही)

मजकूर लिहिणार: निवृत्त कारकून (सही)

स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: १९ एप्रिल