सकाळ कधी होते

३ फेब्रुवारी
राजधानीहून फतवा आला! देशातली सगळी पाळणाघरं एकाच वेळी उघडायची – नऊला. खाली सही कोणाची? आमच्या ताईची. लहानपणी दोघींत एकच पांघरूण होतं, ते सगळं स्वतःकडे ओढून घ्यायची. आता अख्ख्या देशावर पसरायला निघालीय.

४ फेब्रुवारी
माझं पाळणाघर उजाडायच्या आत उघडतं, कारण कंडक्टरबाईंची पहिली बस. नवरा परगावी, घरात दुसरं कोणी नाही. झोपलेल्या लेकीला, चिमणीला, माझ्या खांद्यावर टाकतात नि पळत सुटतात. नवा नियम सांगितला तर म्हणाल्या, "बाई, बसला नऊपर्यंत थांबायला सांगू का?" डेपोने आधीच ताकीद दिलीय. आता उशीर झाला तर नोकरी गेली.

९ फेब्रुवारी
ताईला फोन. "अगं, सगळ्यांना एक नियम नको? नाहीतर कितीतरी गावांत पाळणाघरं उघडणारच नाहीत." तिचंही खोटं नाही, म्हणून जास्तच राग आला. म्हटलं, नियम कर, पण आमच्याकडे सकाळ कधी होते ते तिथे बसून ठरवू नकोस. हसली मेली.

२ मार्च
जिंकले! सुधारित आदेश – "पाळणाघरे सकाळी उघडावीत. सकाळ किती वाजता, हे नगरपालिकेने ठरवावे." कंडक्टरबाईंनी आज बसमध्ये मला खिडकीजवळची जागा राखून ठेवली होती.

१२ मार्च
नगरपालिकेची सभा. नगराध्यक्ष माझ्याच वर्गातला – बाकावर घोरायचा. तरी आपला माणूस! निर्णय गावातच व्हावा, असं मीच गावभर सांगत फिरले होते. त्याने जांभई दिली, विजेच्या बिलाबद्दल काहीतरी पुटपुटला, आणि ठराव एकमताने मंजूर – या गावात सकाळ दहाला होते.

ताईची निदान नऊला तरी व्हायची.

१३ मार्च
ताई फोनवर हसून हसून बेजार. मग हळूच म्हणाली, "आता माझ्या हातात काही नाही गं. अधिकार तुमचे." तिलाही वाईट वाटलं असावं. मला तर रडूच आलं.

१६ मार्च
पाळणाघर दहाला उघडेल. माझ्या घराबद्दल मात्र कुठल्याच आदेशात काही नाही. चिमणी माझ्या अंथरुणात झोपलीय, पांघरूण सगळं स्वतःकडे ओढून. पहिली बस आत्ताच गेली, वेळेवर.