मेंढवाड्यातली पेटी

९ नोव्हें. २०१०, मंगळवार
शारदा हैदराबादची नोकरी सोडून आली, दोन महिने झाले. लेक घरी म्हणून बायको खूश. मी नाही. पोर दिवसभर संगणकापुढं. कॅमेऱ्याला जोडायची एक पेटी आहे, तळहाताएवढी. माणूस जवळ नसताना ती कॅमेऱ्याला सांगते, आता काढ फोटो. तिला शहाणं करणारा प्रोग्राम शारदा लिहिते, आणि फुकट वाटते! कुणीही न्यावा, बदलावा.
म्हटलं, "कामून?"
"दुसरेबी आपलं लिहून मला द्यायलेत की, अप्पा."
"कोण दुसरे?"
"एक जर्मनीचा हाय. लई हुशार."
ना तोंड पाहिलं, ना गाव ठाऊक. फुकट देणारा मला आमच्या दुबलगुंडीत भेटला नाही, जर्मनीत कुठून आला?

१२ नोव्हें.
जर्मनीवाल्यानं शा.चं लिहिलेलं खोडून आपलं घातलं. हिनं उलट आभार मानले. म्हणालो, आपल्या मेंढराच्या कानाला दुसऱ्यानं खूण केली तर गप बसतो का आपण? हसली. "मेंढरू न्हाई ते, अप्पा." मग काय आहे, ते सांगत नाही.
बायको म्हणते, "तुमाला सगळे चोरच दिसायलेत. परवा पोस्टमनबी दिसला."

१५ नोव्हें.
पेटी आणि कॅमेरा मेंढवाड्याच्या खांबावर बांधले. दर पाच मिनिटाला फोटो. आठ दिवस न थांबता चालली तर एक कंपनी शा.ला घरूनच काम देणार. नाही चालली तर पुन्हा हैदराबाद.
"फोटो तो जर्मनीवाला बघणार?"
"बघंल की. सगळेच बघतील."
वाड्यात सात मेंढ्या गाभण. बीपीची गोळी घेतली.

१९ नोव्हें.
सकाळी दोन मेंढ्या व्यायला आल्या. व्यायला आलेल्या मेंढीवर परक्याची नजर पडू नये. बापानं पाळलं, आज्यानं पाळलं. पाहुणा आला तर घोंगडं आडवं धरतो. जर्मनीला कसलं घोंगडं धरू?
शा. हुमनाबादला गेली होती. शिडी लावली, पेटीपासून कॅमेऱ्याला जाणारी वायर उपसली. दोन तासांनी परत लावली. तीन कोकरं, धडधाकट. कुणाला बोललो नाही.

२० नोव्हें.
शा. जेवली नाही. फोटोंत दोन तासांचं खिंडार.
"पेटीनं हुकूम दिलेत, कॅमेऱ्यानं ऐकलेच न्हाईत. माझंच कायतरी चुकलंय."
म्हणालो, करंट गेला असेल.
"बॅटरीवर हाय ती, अप्पा."
कोकरांना बघायला गेलो.

२३ नोव्हें.
जर्मनीवाल्याचं पत्र. शा.नं मराठीत सांगितलं. म्हणतो, चूक माझ्या बदलातच असणार, माफ कर, तीन दिवस तेच शोधतोय. कंपनीलाही तसं लिहितो म्हणाला, हिचा दोष नाही म्हणून.
न केलेलं अंगावर घेणारा माणूस! काय डाव असेल? दुपारभर विचार केला. डाव सापडेना. सांगून टाकावं असं दोनदा वाटलं. पण सांगितलं आणि लेक म्हणाली, अप्पा, तुम्हीच? आणि नाही सांगितलं तर बॅग भरून जाईल.

२५ नोव्हें.
शा. पेटी उतरवायला चढली. "न्हाई होत माझ्यानं. उद्या हैदराबादला फोन लावते." मी शिडी धरली होती. वर तिनं वायर चाचपली.
"अप्पा, ही वायर दोरीनं कुणी आवळली?"
लोकरीची दोरी. परत लावताना वायर सैल वाटली म्हणून बांधली होती. कोकराला बांधताना मारतो तशी गाठ. घरात दुसऱ्या कुणाला ती येत नाही.
वर पाहिलं नाही. म्हणालो, "शिडी हलायलीय. हळू उतर."
उतरली. माझ्या हातांकडं पाहिलं. सरळ संगणकापुढं बसली. तास झाला, बोटं थांबली नाहीत. जर्मनीला लिहायलीय की कंपनीला, काय लिहायलीय, कळत नाही. मला इंग्रजी येत नाही. सांगून टाकायला तिच्या दारापर्यंत दोनदा जाऊन आलो.