बुधरीच्या गाठीचा ब्लॉक

२० एप्रिल १९८७, चंद्रपूर
सरकारी दवाखान्यातून आमच्या लॅबमध्ये मांडीतल्या गाठीचा तुकडा आला होता. बुधरी, वय सतरा. काच रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली – नुसत्या लांबुळक्या पेशी! रामटेके सर म्हणाले, "स्नायूचा कॅन्सर दिसते. पाय काढा लागन." मी म्हटलं, मुंबईत पेशीतली प्रथिनं रंगवून बघतात ना? डेस्मिन रंगलं तर स्नायूची गाठ. एस-१०० रंगलं तर बहुधा नसेची, साधी. तेवढी गाठ काढायची, पाय वाचतो! सर हसले. "लय वाचत राह्यते पोरगी! पाठवतो ब्लॉक."
याच सरांनी बाबांना सांगितलं होतं – बी.एस्सी. झाली, आता घरी नका बसवू, माझ्या हाताखाली द्या.

२३ एप्रिल
ब्लॉक – मेणात बसवलेला तो तुकडा – मुंबईला गेला, सर म्हणाले. उत्तराला तीन आठवडे!
बुधरीचा बाप झिंगू तिला घेऊन रिपोर्टसाठी मुलचेऱ्याहून आला. "बाई, डाक्टर म्हनते कागदावर आंगठा दे, पाय कापतो. देऊ का?" मी म्हटलं, मुंबईचं उत्तर येईस्तोवर देऊ नका. बाकावरून बुधरी म्हणाली, "मंग यंदा तेंदूपानं तोडाले जातो मी!" झाडू मारता मारता बायनाबाईचा टोमणा – "काऊन वो, डाक्टरीन कवा झाली तू?"
अंगठा न देताच दोघं घरी गेले. सरांना मी हे सांगितलं नाही.

१८ मे
उत्तर नाही. सर म्हणतात, मुंबई हाये ते, वेळ लागते.

२९ मे
उन्हानं मेण मऊ पडलं, म्हणून नवी लादी शोधत सरांचं कपाट उघडलं. कापसात गुंडाळलेला ब्लॉक. नंबर माझ्याच अक्षरात. बुधरीचा.
गेलाच नव्हता!

३० मे
विचारलं. सर मान वर न करता म्हणाले, "वीस वर्षं डोळ्यानं पाहून सांगून राह्यलो. त्याईले काऊन विचारू? तुह्यं मन मोडू नये म्हनून हो म्हटलं."
माझं मन! सगळं जग खोटं बोललं असतं तर चाललं असतं. या माणसानं बोलायला नको होतं. ब्लॉक उचलून बाहेर आले.

१ जून
ब्लॉक स्वतः पोस्टात टाकला. झिंगूला काही कळवलं नाही – कोणत्या तोंडानं सांगू, की सर खोटं बोलले? आता सरांशी कामापुरतंच बोलते. चहाही वेगळा.

२४ जून
उत्तर आलं. एस-१०० नाही. डेस्मिन – ठळक. स्नायूचाच कॅन्सर.
कागद सरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी दोनदा वाचला. रागावले नाहीत, मिरवलेही नाहीत. एवढंच म्हणाले, "बरं झालं, एप्रिलातच पाय काढला. वाचन पोरगी. कशी हाये ते आता?"